बारा फेऱ्या आणि दोन मिनिटे

उन्हाळ्याच्या सुट्टीतली एक दुपार. आमरसाचे जेवण झाले होते, घरातली मोठी माणसे जागा सापडेल तिथे आडवी झाली होती आणि मी ओसरीवरच्या आरामखुर्चीत पेंगत होतो. इतक्यात माझा नातू मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, ही जुनी फिल्म बघा. दोनच मिनिटांची आहे."

त्या तळहाताएवढ्या काचेवर काळीपांढरी चित्रे हलू लागली. दोरांनी वेढलेले रिंगण, भोवती काळोखात माणसांचा सागर. एक काळा, देखणा जवान. त्याच्यासमोर दाट भुवयांचा एक गोरा. घंटा झाली आणि काळ्याचे हात असे काही चालू लागले की डोळ्यांना ते मोजता येईनात. गोरा दोरांना टेकला, पडला, उठला, पुन्हा पडला, पुन्हा उठला, तिसऱ्यांदा पडला. रिंगणात एक पांढरा टॉवेल येऊन पडला आणि सारे संपले. ही लढत २२ जून १९३८ या दिवशी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये झाली. घड्याळाने तिला २ मिनिटे ४ सेकंद दिली.

"आजोबा, यातला वाईट तो पडला तोच ना? तो हिटलरचा माणूस होता म्हणे."

मी चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. 'थोडक्यात टिपा लिहा, गुण पाच' या शिस्तीत माझा जन्म गेला. झोपेच्या गुंगीत मी म्हणालो, "होय, तोच." पोराचे समाधान झाले आणि तो खेळायला पळाला. माझी झोप मात्र गेली. कारण त्या पडलेल्या माणसाचे नाव मला ठाऊक होते; आणि त्याच्याविषयी जे काही अर्धेमुर्धे वाचले होते, ते या एका 'होय'मध्ये मावत नव्हते. त्यानंतरचे कित्येक दिवस मी या एका माणसाच्या मागे काढले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

माक्स श्मेलिंग हे त्याचे नाव. जन्म २८ सप्टेंबर १९०५, उत्तर जर्मनीतल्या क्लाइन-लुको नावाच्या खेड्यात. बाप जहाजावर सुकाणू धरणारा खलाशी. बिऱ्हाड हांबुर्ग बंदरात. घरची परिस्थिती बेताची. पोरगा सोळा वर्षांचा असताना बापाने त्याला एक चित्रपट दाखवायला नेले. अमेरिकेचा जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पांतिए यांची १९२१ साली गाजलेली लढत त्यात चित्रित केली होती. थिएटरमधून पोरगा बाहेर आला तो वेडा होऊनच. कुठून तरी वापरलेले हातमोजे त्याने पैदा केले आणि आपल्याकडे देवाची तसबीर टांगावी तसे पलंगावर टांगून ठेवले.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. आज आपल्याला वाटते की युरोपात मुष्टियुद्ध पहिल्यापासून चालत आले असेल. इंग्लंडापुरते ते खरे आहे. परंतु कैसरच्या जर्मनीत सार्वजनिक मुष्टियुद्धाला बंदी होती. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या कैदेत पडलेले जर्मन तरुण छावणीतले रिकामे दिवस काढताना हा खेळ शिकले आणि १९१८ नंतर तो घेऊन घरी परतले. हरलेल्या, भुकेलेल्या, नोटांच्या राशी देऊनही पाव न मिळणाऱ्या त्या देशात हा नवा खेळ वणव्यासारखा पसरला. श्मेलिंग हा त्या वणव्यातला एक पोर.

पोटापाण्यासाठी तो ऱ्हाइन नदीच्या प्रदेशात गेला आणि कोलोनजवळच्या म्युलहाइम येथे हौशी मुष्टियोद्ध्यांच्या क्लबात दाखल झाला. हौशी आणि धंदेवाईक यांतला फरक आपल्याकडील कुस्तीच्या शौकिनांना निराळा सांगायला नको. हौशी खेळाडू मानचिन्हासाठी लढतो, फेऱ्या थोड्या, पंच सावध. धंदेवाईक लढतो तो पैशासाठी. त्या काळी मोठी लढत पंधरा फेऱ्यांची असे, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची आणि मध्ये एका मिनिटाची विश्रांती. पडल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही, की खेळ खलास. श्मेलिंगची हौशी कारकीर्द छोटीच. १९२४ साली तो जर्मनीच्या हौशी अजिंक्यपद स्पर्धेत लाइट-हेवीवेट गटात अंतिम लढतीपर्यंत पोचला आणि दुसरा आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ड्युसेलडॉर्फ येथे त्याने पहिली धंदेवाईक लढत दिली व ती जिंकली.

पुढची वाट सरळ नव्हती. १९२५ साली कोलोनमध्ये लॅरी गेन्स नावाच्या कॅनडाच्या काळ्या मुष्टियोद्ध्याने त्याला दुसऱ्याच फेरीत लोळविले. परंतु त्याच वर्षी त्याचे दैवत, खुद्द जॅक डेम्प्सी, युरोपच्या दौऱ्यावर आला आणि कोलोनमध्ये त्याने या होतकरू पोराशी प्रदर्शनाच्या दोन फेऱ्या खेळल्या. चित्रपटातला देव रिंगणात उतरून समोर उभा राहावा, असे भाग्य किती जणांच्या वाट्याला येते? त्यानंतर पोरगा चढतच गेला. १९२६ मध्ये तो जर्मनीचा लाइट-हेवीवेट विजेता झाला. १९ जून १९२७ ला डॉर्टमुंड येथे बेल्जियमच्या फेर्नां देलार्जला चौदाव्या फेरीत थांबवून त्याने युरोपचे अजिंक्यपद घेतले. हा मान मिळविणारा तो पहिला जर्मन. एप्रिल १९२८ मध्ये फ्रान्त्स डीनरला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवून तो जर्मनीचा हेवीवेट विजेताही झाला.

त्या दिवसांतल्या बर्लिनमध्ये चित्रकार, नट, लेखक या साऱ्यांना मुष्टियुद्धाचे वेड होते. खलाशाचा हा अल्पशिक्षित मुलगा त्यांच्या बैठकींत बसू लागला. गेओर्ग ग्रोसने त्याचे चित्र काढले, रुडोल्फ बेलिंगने त्याचा पुतळा घडविला. पुढे नाझींनी याच ग्रोसची चित्रे 'अधःपतित कला' म्हणून भिंतींवरून उतरविली. श्मेलिंगची मित्रमंडळी कोणत्या गोटातली होती, हे ध्यानात यावे म्हणून सांगितले.

मोठा पैसा अमेरिकेत होता. १९२८ साली तो तिकडे गेला आणि लवकरच त्याची गाठ जो जेकब्स या माणसाशी पडली. जेकब्स हा न्यूयॉर्कचा ज्यू. ठेंगणा, बोलका, तोंडात सदैव चिरूट, करार करण्यात आणि पंचांशी हुज्जत घालण्यात पटाईत. हा त्याचा मॅनेजर झाला. त्याने श्मेलिंगला १९२९ साली जॉनी रिस्को आणि पाउलिनो उस्कुदुन या दोघा दांडग्यांशी लढविले. दोन्ही लढती श्मेलिंगने जिंकल्या. जगज्जेता जीन टनी १९२८ मध्ये निवृत्त झाल्यामुळे सिंहासन रिकामेच होते. १२ जून १९३० ला त्या सिंहासनासाठी श्मेलिंग आणि अमेरिकेचा जॅक शार्की यांची लढत झाली.

चौथ्या फेरीत शार्कीचा एक ठोसा कमरेखाली बसला. श्मेलिंग कळवळून खाली पडला. जेकब्स रिंगणात धावला आणि त्याने असा काही गिल्ला केला की पंच गोंधळून गेले. शेवटी शार्कीला बाद ठरविण्यात आले आणि जमिनीवर पडलेला श्मेलिंग जगज्जेता झाला! प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे हेवीवेटचे जगज्जेतेपद मिळाले असे एवढे एकच उदाहरण आहे. त्याला स्वतःला या विजयाची लाज वाटली. पुढच्या वर्षी क्लीव्हलंडमध्ये यंग स्ट्रिबलिंगला पंधराव्या फेरीत थांबवून त्याने ती थोडी धुऊन काढली. १९३२ च्या जूनमध्ये शार्कीशी पुन्हा लढत झाली आणि या वेळी तीन निकालदारांपैकी दोघांनी शार्कीच्या बाजूने कौल दिला. पाहणाऱ्यांतल्या पुष्कळांना श्मेलिंगच जिंकला असे वाटले. एकदा न जिंकता मुकुट मिळाला, एकदा न हरता गेला. हिशेब चुकता झाला म्हणायचा!

* * *

आता १९३३ साल. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. वसंतात जर्मनीच्या मुष्टियुद्ध संघाने ज्यू मुष्टियोद्धे, मॅनेजर, पंच, सगळ्यांना काढून टाकले. एरिख झेलिग हा दोन गटांतला जर्मन विजेता; त्याची पदे हिरावली गेली आणि त्याला देश सोडावा लागला.

याहूनही जिवाला चटका लावणारी कथा योहान ट्रोलमानची आहे. हा सिंटी, म्हणजे युरोपातल्या भटक्या रोमानी जमातींपैकी. अंगाने चपळ, रिंगणात नाचत लढणारा. ९ जून १९३३ ला बर्लिनमध्ये त्याने लाइट-हेवीवेटच्या जर्मन विजेतेपदासाठी लढत दिली. निकालात खोट काढण्याचा अधिकाऱ्यांचा बेत प्रेक्षकांनी आरडाओरडा करून हाणून पाडला आणि पदक ट्रोलमानला मिळाले. काही दिवसांतच ते काढून घेण्यात आले. पुढची लढत त्याने जर्मन पद्धतीने, एका जागी उभे राहून करावी, अशी ताकीद मिळाली. जुलैत हा माणूस रिंगणात आला तो केस पिवळे रंगवून आणि अंगाला पीठ फासून. घ्या तुमचा गोरा जर्मन! तो जागचा हलला नाही. ठोसे खात राहिला आणि पाचव्या फेरीत पडला. १९४४ साली एका छळछावणीच्या शाखेत तो मारला गेला. त्याचे पद जर्मन संघाने त्याच्या नावावर पुन्हा मांडले ते २००३ मध्ये.

श्मेलिंगविषयी बोलताना ट्रोलमानला विसरता कामा नये, असे मला वाटते. एकाच देशात, एकाच खेळात, एकाच वर्षी एकाचे सर्वस्व गेले आणि दुसऱ्याला सत्ताधीशांच्या पंक्तीचे आमंत्रण आले. श्मेलिंग ते जेवण जेवला. तो अमेरिकेला निघाला तेव्हा तिकडे आपल्या देशाविषयी चांगले बोलावे अशी त्याच्याकडून अपेक्षा होती. न्यूयॉर्कला उतरल्यावर वार्ताहरांनी ज्यूंच्या छळाविषयी विचारले, तेव्हा त्याने तसे काही नसल्याचे सांगितले. हे शब्द त्याच्या खात्यात लिहिलेच पाहिजेत.

त्याच जूनमध्ये मॅक्स बेअरने त्याला दहाव्या फेरीत हरविले. बेअरच्या चड्डीवर ज्यूंचा सहा कोनांचा तारा शिवलेला होता. पराभूत श्मेलिंग घरी परतला आणि जुलैत त्याने आनी ओंड्रा या चेक चित्रतारकेशी लग्न केले. हिचकॉकच्या १९२९ मधल्या 'ब्लॅकमेल' या चित्रपटाची नायिका ती हीच. हा संसार पुढे त्रेपन्न वर्षे चालला.

आता जेकब्सचे काय? ज्यू मॅनेजर सोडून दे, असा वरून तगादा सुरू झाला. त्यात १९३५ च्या मार्चमध्ये हांबुर्गला एक विचित्र प्रसंग घडला. श्मेलिंगने स्टीव्ह हॅमासला हरविले आणि हजारो प्रेक्षक हात उंचावून राष्ट्रगीत गाऊ लागले. रिंगणात उभा असलेला जेकब्स बावरला आणि त्यानेही हात वर केला. त्या हातात जळता चिरूट! या छायाचित्राने न्यूयॉर्कचे ज्यूही भडकले आणि बर्लिनचे नाझीही. क्रीडाखात्याच्या प्रमुखाकडून श्मेलिंगला पुन्हा बजावण्यात आले. आपण थेट हिटलरकडे जाऊन 'मला या माणसाची गरज आहे, तो प्रामाणिक आहे' असे सांगितले, असे श्मेलिंगने पुढे आपल्या आठवणींत नोंदविले आहे. आठवणी लिहिणारा स्वतःला थोडे उजळून घेतो, हे मान्य. परंतु जेकब्स त्याचा मॅनेजर राहिला, ही गोष्ट कागदोपत्री पक्की आहे. आणि श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद कधीच झाला नाही, हीदेखील.

* * *

मधल्या काळात अमेरिकेत एक नवा तारा उगवला होता. जो लुई, जन्म १९१४, अलाबामातल्या कापूस पिकविणाऱ्या गरीब काळ्या कुटुंबात, वाढ डेट्रॉइटमध्ये. धंदेवाईक झाल्यापासून तो एकही लढत हरला नव्हता. प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर या दोन माजी जगज्जेत्यांना त्याने पार लोळविले होते. ज्या देशात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या उपाहारगृहात पाऊल टाकता येत नसे, तिथे हा पोरगा गोऱ्या मल्लांना राजरोस चीत करीत होता. त्याच्या प्रत्येक लढतीला काळ्या वस्त्यांतली माणसे रेडिओला कान लावून बसत.

लुईसमोर तीस वर्षांच्या श्मेलिंगचे नाव आले, तेव्हा लोक हसले. पैजांचा भाव दहास एक असा लुईच्या बाजूने होता. परंतु श्मेलिंगने एक काम केले होते. डिसेंबर १९३५ मध्ये लुई आणि उस्कुदुन यांची लढत तो रिंगणाशेजारी बसून पाहत होता. आपल्याला काहीतरी दिसले आहे, एवढेच त्याने वार्ताहरांना सांगितले. काय दिसले ते सांगेना. नंतर तो लुईच्या लढतींच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहत बसला.

दिसले होते ते असे. लुई डाव्या हाताचा सरळ ठोसा विजेसारखा मारी. पण हात मागे घेताना तो किंचित खाली घेई आणि क्षणभर त्याचा डावा गाल उघडा पडे. त्या क्षणी त्या हातावरून उजवा ठोसा टाकता आला तर? क्षण म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याइतका. आणि तो साधायचा तर आधी तो डावा ठोसा तोंडावर झेलण्याची तयारी हवी. श्मेलिंगचा उजवा हात ही त्याची खरी पुंजी होती आणि मार खात वाट पाहण्याचा धीर हे त्या पुंजीवरचे व्याज. इकडे बावीस वर्षांचा लुई सरावाच्या छावणीत गोल्फ खेळण्यात रमला होता.

पावसामुळे लढत एक दिवस पुढे गेली आणि १९ जून १९३६ ला झाली. सुमारे चाळीस हजार प्रेक्षक. पहिल्या तीन फेऱ्यांत श्मेलिंगने तोंडावर ठोसे खाल्ले. एक डोळा मिटत चालला. चौथ्या फेरीत लुईचा हात खाली आला आणि उजवा ठोसा बरोबर जागी बसला. जो लुई धंदेवाईक आयुष्यात प्रथमच जमिनीवर गेला. तो उठला, पण त्यानंतर तो शुद्धीत असा लढलाच नाही. फेरीमागून फेरी तोच डावा हात खाली येत राहिला आणि तोच उजवा ठोसा बसत राहिला. बाराव्या फेरीत लुई गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला, आणि पंचाचे दहा आकडे पुरे झाले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्या रात्री मोठी माणसे रस्त्यात उभी राहून रडली.

मुष्टियुद्धाचे जाणकार आजही या लढतीकडे डोक्याने मिळविलेला विजय म्हणून पाहतात. कष्ट श्मेलिंगचे, अभ्यास श्मेलिंगचा, सुजलेला डोळा श्मेलिंगचा. आणि विजय? बर्लिनमध्ये पहाटे तीनला आनी ओंड्रा रेडिओ ऐकत बसली होती ती प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरी. अभिनंदनाच्या तारा सुटल्या. हिंडेनबुर्ग या प्रचंड विमानजहाजातून श्मेलिंग घरी आला आणि आई व बायकोसह हिटलरच्या भोजनाला गेला. लढतीच्या फिल्मचा पूर्ण चित्रपट करून तो जर्मनीभर दाखविण्यात आला. त्याचे नावच 'माक्स श्मेलिंगचा विजय — जर्मनीचा विजय'. शीर्षकातली ती आडवी रेघ बघा. त्या एका रेघेने माणसाचा विजय उचलून सरकारच्या खिशात टाकला. माक्सने तो परत मागितला नाही. मिरवणुकीत तोही हसत उभा होता.

या विजयाने जगज्जेतेपदासाठी लढण्याचा हक्क त्याला मिळाला होता. जगज्जेता जिम ब्रॅडॉक याच्याशी ३ जून १९३७ ची लढत ठरलीही. परंतु मुकुट हिटलरच्या देशात गेला तर परत यायचा नाही, अशी अमेरिकेत भीती होती. बहिष्काराची हाक होती. आणि लुईशी लढण्यात ब्रॅडॉकला पैसाही जास्त होता. लुईच्या बाजूने तर ब्रॅडॉकच्या मॅनेजरला पुढच्या दहा वर्षांच्या नफ्यात वाटा देऊ केला. ठरल्या दिवशी श्मेलिंग एकटाच वजन देण्यासाठी हजर राहिला. ब्रॅडॉक आलाच नाही. त्याच महिन्यात शिकागोत लुईने ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडले आणि तो जगज्जेता झाला. हा अन्याय होता यात शंका नाही. मात्र त्याच वेळी जर्मनीत शेकडो खेळाडूंवर याहून मोठा अन्याय चालू होता, आणि त्यांना वजन द्यायलाही कोणी बोलावीत नव्हते.

लुई मात्र म्हणत असे की श्मेलिंगला हरविल्याशिवाय मला जगज्जेता म्हणू नका. असा योग आला २२ जून १९३८ ला. मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला होता. श्मेलिंगच्या हॉटेलसमोर निदर्शने झाली. रिंगणाकडे जाताना त्याच्यावर कागदाचे पेले आणि कचरा पडला. जेकब्सला न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध मंडळाने निलंबित केल्यामुळे तो त्याच्या कोपऱ्यात नव्हता. स्टेडियममध्ये सत्तर हजार माणसे, आणि बाहेर साऱ्या जगाचे रेडिओ. आपल्याच देशात ज्याला दुय्यम नागरिक गणले जाई तो काळा लुई त्या रात्री लोकशाहीचा प्रतिनिधी ठरला. आणि ज्याचा मॅनेजर ज्यू होता तो श्मेलिंग आर्यवंशाचा! दोघांच्याही अंगावर न मापता शिवलेले अंगरखे चढविलेले.

त्यानंतरची दोन मिनिटे आपण पाहिलीच आहेत. एवढेच सांगतो की दोरांना टेकलेला श्मेलिंग वळत असताना लुईचा एक ठोसा पाठीच्या बाजूला बसला, मणक्याचे हाड मोडले, आणि तो किंचाळला. ती किंकाळी रिंगणाशेजारच्या लोकांना ऐकू गेली. साऱ्या लढतीत श्मेलिंगचे जेमतेम दोन ठोसे सुटले. तो रुग्णालयात पडला आणि पुढे जहाजाने, खाटेवर, घरी परतला. या वेळी स्वागताला तारा नव्हत्या, भोजन नव्हते. पराभव मात्र कोणी वाटून घेतला नाही. तो त्याच्या एकट्याचा होता.

* * *

येथवरची कथा वृत्तपत्रांना ठाऊक होती. आता जी सांगणार आहे ती कोणालाच ठाऊक नव्हती.

लढतीनंतर साडेचार महिन्यांनी, ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री, जर्मनीभर ज्यूंची दुकाने फोडण्यात आली, प्रार्थनामंदिरे पेटविण्यात आली, हजारो पुरुषांना छावण्यांत नेण्यात आले. बर्लिनमधल्या डाव्हिड लेविन या ज्यू कापडव्यापाऱ्याशी श्मेलिंगची जुनी दोस्ती होती. लेविनने आपली दोन किशोरवयीन मुले, हेन्री आणि वेर्नर, श्मेलिंगच्या स्वाधीन केली. श्मेलिंगने त्यांना एक्सेल्सियर हॉटेलातल्या आपल्या खोलीत ठेवले आणि खाली निरोप दिला की मला बरे नाही, कोणालाही वर पाठवू नका. काही दिवस ती मुले त्या खोलीत राहिली. बाहेरची लाट ओसरल्यावर त्याने त्यांना सुखरूप पोचते केले. पुढे ती शांघायला आणि तिथून अमेरिकेला गेली.

जरा विचार करा. पकडला गेला असता तर? हा आता देशाचा लाडका वीर नव्हता. दोन मिनिटांत पडलेला एक नकोसा माणूस होता. रिंगणात पंच असतो, दहा आकडे मोजणारा असतो, फार झाले तर कोपऱ्यातून कोणी टॉवेल टाकतो. त्या खोलीत यांपैकी कोणी नव्हते.

आणि श्मेलिंगने हे पुढे कोणाला सांगितलेही नाही. युद्धानंतर स्वतःचे नाव धुऊन घेण्यासाठी जो तो ज्यू मित्रांची प्रशस्तिपत्रे शोधीत होता, तेव्हाही नाही. ही हकीकत बाहेर आली ती पन्नास वर्षांनी. हेन्री लेविन तोवर अमेरिकेत मोठा हॉटेलचालक झाला होता. १९८९ मध्ये लास वेगासला एका समारंभात, श्मेलिंग समोर बसला असताना, त्याने ती जगाला सांगितली.

राहिलेले थोडक्यात. १९३९ मध्ये आडोल्फ हॉयझरला पहिल्याच फेरीत पाडून श्मेलिंगने युरोपचे हेवीवेट पद मिळविले. १९४० मध्ये जो जेकब्स वारला. श्मेलिंगला छत्रीसैनिक म्हणून भरती केले गेले. १९४१ च्या मे महिन्यात तो क्रीट बेटावर उतरला, जखमी झाला आणि त्याच्या मृत्यूच्या बातम्याही छापून आल्या. युद्ध संपले तेव्हा पोमेरेनियातली त्याची जमीनजुमला गेली होती. पोटासाठी तो बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा रिंगणात उतरला. ३१ ऑक्टोबर १९४८ ला बर्लिनमध्ये रिखार्ड फोग्टकडून हरून त्याने हातमोजे उतरविले ते कायमचे. एकूण लढती ७०; विजय ५६, त्यांतले ४० प्रतिस्पर्ध्याला झोपवून; पराभव १०, बरोबरी ४. मग नशिबाने एक गमतीचे वळण घेतले. त्याच्या अमेरिकेतल्या दिवसांत न्यूयॉर्क मुष्टियुद्ध मंडळाचा प्रमुख असलेला जेम्स फार्ली आता कोका-कोलाच्या परदेशी व्यापाराचा अधिकारी होता. त्याच्या ओळखीने श्मेलिंगला त्या पेयाची हांबुर्गची एजन्सी मिळाली आणि म्हातारपणी तो चांगला श्रीमंत झाला.

लुईचे उलटे झाले. युद्धात त्याने दोन लढतींची कमाई सैनिकांच्या मदतनिधीला देऊन टाकली होती. पण प्राप्तिकराच्या थकबाकीने त्याला जन्मभर सोडले नाही. उतारवयात तो लास वेगासच्या एका जुगारगृहात पाहुण्यांचे हसून स्वागत करण्याची नोकरी करी. १९५४ साली श्मेलिंग त्याला शिकागोला जाऊन भेटला. दोघांची मैत्री जमली ती अखेरपर्यंत टिकली. श्मेलिंगने त्याला पैशाची मदत केली. १९८१ मध्ये लुई वारला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चालाही त्याने हातभार लावला. श्मेलिंग २ फेब्रुवारी २००५ ला गेला. शंभरी गाठायला आठ महिने कमी होते.

१९३८ ची लढत हरलो याचे आता बरेच वाटते, असे तो म्हाताऱ्या वयात म्हणत असे. जिंकलो असतो तर नाझींनी मला पदके दिली असती आणि युद्धानंतर मी गुन्हेगार ठरलो असतो. हे त्याचे आत्मपरीक्षण प्रामाणिक आहे, आणि अपुरेही. कारण यात निवड नशिबाची आहे, त्याची नाही. त्याच्या स्वतःच्या निवडी निराळ्या होत्या: वार्ताहरांसमोरचे ते खोटे उत्तर, भोजनाचे आमंत्रण, जेकब्सला न सोडणे आणि हॉटेलच्या खोलीचे बंद दार. मला वाटते, माणसाचा हिशेब या चार कलमांचा मांडावा. पहिली दोन उजेडात घडली, शेवटचे काळोखात. आणि कोणतेही एक दुसऱ्याला खोडत नाही.

दसऱ्याला नातू पुन्हा आला, तेव्हा मी त्याला जवळ बसविले आणि म्हणालो, "त्या दिवशी मी तुला चुकीचे उत्तर दिले." मग ही सगळी कथा सांगितली. मध्येच त्याने हॉटेलातल्या त्या दोन मुलांचे वय विचारले. मी म्हणालो, "तुझ्याएवढीच असतील." तो बराच वेळ काही बोलला नाही.

"म्हणजे तो चांगला होता?" शेवटी त्याने विचारले.

"काही वेळा घाबरला, काही वेळा नाही," मी म्हणालो.

"मग परीक्षेत काय लिहायचं?"

चाळीस वर्षे मास्तरकी केलेल्या माझ्याजवळ याला पाच गुणांचे उत्तर नव्हते. मी त्याला म्हटले, "दोन्ही लिही. मास्तरांनी गुण कापले तर माझ्याकडे पाठव."